येनकाकूंच्या चुलीचा धूर

लोशी जिल्ह्याच्या बखरीत एकतीस प्रकरणं आहेत. डोंगर, नद्या, पूल, देवळं, दुष्काळ, परीक्षा पास झालेले लोक, सद्गुणी स्त्रिया, आणि सगळ्यात शेवटी 'किरकोळ व चमत्कारिक' नावाचं एक प्रकरण. त्यात दोन डोक्यांच्या वासराला अर्धं पान दिलेलं आहे. येनकाकू मात्र एकतिसांपैकी कुठंच नाहीत. बखर मीच लिहिली, त्यामुळे याचा दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न नाही.

सद्गुणी स्त्रियांत त्यांना घालायचा मी प्रयत्न केला होता. पण तिथं नियम आहे. नवरा वारला तेव्हा बाईचं वय तिशीच्या आत हवं, आणि पुढं वीस वर्षं तिनं दुसरं लग्न केलेलं नको. काकूंनी तेवीस वर्षं काढली होती, पण नवरा वारला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. मी त्यांना हे समजावून सांगितलं.

"मग हे त्याला सांगायचं होतंस ना," काकू म्हणाल्या. "जरा घाई कर म्हणून. तसाही तो प्रत्येक गोष्टीत उशीरच करायचा."

लोशीबद्दल दोन शब्द सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सातशे वर्षांपूर्वी हे लष्करी ठाणं होतं. मग एका राजघराण्यानं त्याचा जिल्हा केला. पुढच्या घराण्यानं त्याला आणखी दोन तालुके जोडले. त्याच्या पुढच्यानं सगळे काढून घेतले आणि साधा तालुका करून ठेवला. आत्ताच्या बादशहांच्या वडिलांनी तो पुन्हा जिल्हा केला. दर वेळी जुना शिक्का राजधानीला परत पाठवायचा, नवा येईपर्यंत कागद साचू द्यायचे आणि वेशीवरची पाटी बदलायची. तट तोच, आणि तटाला उत्तरेकडे पडलेलं खिंडारही तेच. दर बढतीला ते बुजवायचं ठरतं.

राजधानीतून प्रत्येक जिल्ह्याला शेरे मिळतात. एकूण चार शेरे आहेत: रहदारी फार, काम फार, थकबाकी फार, आणि लोक भांडखोर. चारही शेरे असलेला जिल्हा मानाचा, तिथं नेमणूक व्हावी म्हणून अंमलदार वशिले लावतात. आमच्या वाट्याला एकच शेरा आला, चौथा. तो कसा चुकीचा आहे यावरून गावात दोन दिवस मारामाऱ्या झाल्या.

मी कचेरीत समारंभ शाखेचा कारकून होतो. देवळांतल्या पूजा, परीक्षा, मिरवणुका, सद्गुणी स्त्रिया आणि बखर हे सगळं आमच्या शाखेकडं. कायद्यानं कारकुनाला एका कचेरीत पाच वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्यामुळे पाच वर्षं भरली की मी निवृत्त व्हायचो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या नावानं त्याच खुर्चीत येऊन बसायचो. सगळे असंच करतात. पटावर मी आधी निंग होतो, मग स्युए झालो, आणि बखर लिहिली तेव्हा कुंग होतो. गावात मला सगळे निंगच म्हणायचे. फक्त येनकाकू विचारायच्या, "सध्या कोण आहेस रे?"

आता येनकाकू. लो नदीच्या पलीकडच्या काठावर, घाटाच्या वरच्या अंगाला वेताचं बेट आहे, त्याला लागून त्यांची झोपडी. नवरा नावाडी. तो तापानं गेल्यावर नाव दुसऱ्यानं घेतली आणि काकू झोपडीतच राहिल्या. नावेची वाट बघत बसलेल्या लोकांना त्या गवताच्या वहाणा विकायच्या, धुरावलेले मासे विकायच्या, आणि कुणाची नाव कधी येईल हे न विचारता सांगायच्या. बोलायला तिखट. एकदा एका दरोग्याला त्यांनी दोन्ही डाव्या पायाच्या वहाणा दिल्या आणि तो तक्रार घेऊन आला तेव्हा म्हणाल्या, "चालून बघितल्याशिवाय घेतल्या कशाला?" एकुलती एक मुलगी, सांग्ये. ती नदीच्या वरच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर, शेजारच्या तालुक्यात दिलेली. जावई पेंग लाकडांचे तराफे घेऊन वर्षातले आठ महिने नदीवर.

काकूंचं सरपण म्हणजे या तराफ्यांतून सुटून काठाला लागलेली लाकडं. ओली. त्यामुळे संध्याकाळी त्यांची चूल पेटली की पांढरा दाट धूर निघायचा आणि वारा नसला तर सरळ वर जायचा. काकूंचे डोळे बारा महिने लाल. आम्ही नदीच्या अलीकडं राहणारी माणसं, त्या धुरावरून जेवणाची वेळ ओळखायचो. याहून जास्त त्याचा विचार कुणी केला नव्हता.

मग फान साहेब अंमलदार म्हणून आले. जिल्हा नवा होता आणि त्याला बखर नव्हती. सुभ्याच्या ठाण्याहून आठवणीचं तिसरं पत्र आलेलं होतं. मी कामाला लागलो. सगळी प्रकरणं जमली, अडलं ते देखाव्यांपाशी. जिल्हा म्हटला की त्याला आठ देखावे हवेत. सात चालत नाहीत. जुन्या तालुक्याच्या बखरीत आठ होते, पण त्यातला आठवा 'पडक्या मनोऱ्यावरची संध्याकाळ' हा होता, आणि मधल्या काळात पडका मनोरा पूर्ण पडला होता. उरले सात. त्यातलेही दोन मी बरेच ओढून-ताणून घेतले होते. 'जुन्या विहिरीतला चंद्र' हा त्यातलाच. चंद्र कुठल्याही विहिरीत दिसतो.

एका संध्याकाळी फान साहेब मला घेऊन दक्षिण वेशीच्या माडीवर चढले. वारा नव्हता. नदी शांत होती. पलीकडं वेतांच्या मागून काकूंचा धूर निघाला आणि सरळ वर चढत गेला.

"ते काय?" साहेबांनी विचारलं.

"घाट आहे साहेब. पलीकडे झोपडी आहे एक. स्वयंपाक चाललाय."

"स्वयंपाक नाही तो." साहेबांचा आवाज बदलला होता. "निर्मनुष्य काठावरून एक रेघ वर चाललीय."

"निर्मनुष्य नाही साहेब, तिथं येनकाकू म्हणून—"

"लिहून घ्या," साहेब म्हणाले. "निर्मनुष्य."

मी लिहून घेतलं. लिहून घ्यायचाच मला पगार होता.

'ओसाड घाटावरचा एकाकी धूर' असं आठव्या देखाव्याचं नाव पडलं. साहेबांनी त्यावर चार ओळींची कविता केली, मी वर आठ ओळींचं वर्णन लिहिलं. धूर रोज सूर्यास्ताला निघतो, एकच निघतो, पांढरा असतो, सरळ जातो, आणि भोवती मनुष्यवस्तीची खूण नाही. चित्रकारानं वेत काढले, नदी काढली, धूर काढला. झोपडी काढली नाही. नासपतीच्या लाकडाच्या फळ्यांवर हे सगळं कोरलं गेलं आणि त्याच्या चाळीस प्रती छापून निघाल्या. एक सुभ्याला, एक राजधानीला. एकदा फळीवर कोरलं की ते खरं झालं. मग वस्तुस्थितीनं त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं.

ही बातमी काकूंना सांगायला मीच गेलो. त्या मासे साफ करत होत्या.

"म्हणजे माझी चूल सरकारी झाली?"

"चूल नाही काकू. धूर."

"आणि चूल कुणाची?"

"चूल तुमचीच."

"राख?"

राखेबद्दल मला काही सूचना नव्हत्या. मी म्हणालो विचारून सांगतो.

"विचार हो," काकू म्हणाल्या. "भांडी घासायला लागते मला ती. नाहीतर उद्या सरकारी राखेनं भांडी घासली म्हणून धरून न्यायचे."

पहिलं वर्ष बरं गेलं. रोज संध्याकाळी वेशीचा नगारा झाला की काकू चूल पेटवायच्या. पाहुणे येणार असले की माडीवर लाल कापड लावलं जायचं. ते दिसलं की काकूंनी आत जायचं आणि बाहेर यायचं नाही, कारण काठ निर्मनुष्य. शेजारच्या जिल्ह्याचे अंमलदार बघून गेले. परीक्षक बघून गेले, त्यांनीही कविता केली. काकूंना हे थोडं आवडत होतं, मला माहीत आहे. घाटावर बसलेल्या अनोळखी माणसांना त्या सांगायच्या, "ते धुराचं म्हणतात ना, ते आमच्याकडंच." लोकांना वाटायचं म्हातारी भ्रमिष्ट आहे.

दुसऱ्या वर्षाच्या नववर्षाला साहेबांनी खूश होऊन काकूंना बक्षीस पाठवलं. दोन गाड्या सुकं ओकचं लाकूड. आयुष्यात पहिल्यांदा काकूंना कोरडं सरपण मिळालं. चूल फडफडून पेटली, भात पटकन झाला, डोळ्यांतून पाणी आलं नाही. धूरही आला नाही. चार दिवस आठवा देखावा गायब होता. पाचव्या दिवशी मला बोलावणं आलं, आणि तातडीचा हुकूम निघाला की सरकारी लाकूड वापरण्यापूर्वी दहा दिवस नदीत बुडवून ठेवावं. बुडवण्याची जबाबदारी समारंभ शाखेकडं.

मी लाकडं बुडवायला गेलो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. त्या चार दिवसांत त्यांचे डोळे पहिल्यांदा पांढरे दिसले होते. ते मी बघितलं होतं आणि तरी लाकडं बुडवली.

तिसऱ्या वर्षी, पेरणीच्या सुमाराला, जावई पेंग तराफा घेऊन खाली आला आणि त्यानं बातमी दिली. सांग्येला मुलगी झाली. आधीची दोन राहिली नव्हती, ही राहिली. पण सांग्ये अंथरुणाला खिळली होती, कमरेखाली तिला जोरच नव्हता. शेजारीण येऊन मुलीचं बघायची. पेंगला तराफा सोडता येत नव्हता.

काकू दुसऱ्याच दिवशी कचेरीत आल्या. माझ्या मेजासमोर स्टूल ओढून बसल्या.

"मला जायचंय. कायमचं. कागद लिही."

इथं एक अडचण होती. आमच्याकडं दहा-दहा घरांचा एक गट असतो आणि दारावर माणसांची यादी टांगलेली असते. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात राहायला जायचं तर अंमलदाराचा शिक्का लागतो. शिक्क्याशिवाय गेलं तर ज्याच्या घरी गेलं त्याला फटके. म्हणजे पेंगला. काकूंना हे माहीत होतं, म्हणून तर त्या कागद मागत होत्या.

मी अर्ज लिहिला. मीच तो स्वीकारला. मीच त्यावर आवक क्रमांक घातला. आणि मीच तो माझ्या मेजामागच्या उघड्या कपाटात ठेवला.

का ठेवला, तर साहेबांच्या आईचा साठीचा समारंभ तोंडावर होता, त्यात हा विषय नको म्हणून. मग परीक्षा आल्या. मग सुभेदार येणार अशी आवई उठली, आणि सुभेदारांना आठवा देखावा बघायचाय असं कळलं. सुभेदार आलेच नाहीत, पण येणार नाहीत हे कळायला दोन महिने गेले. हे सगळं खरं आहे. पण खरं कारण असं की साहेबांपुढं जाऊन 'धूर बंद होणार' हे म्हणायची मला भीती वाटत होती. चौथं नाव घ्यायची वेळ जवळ आली होती आणि त्याला साहेबांची मूक संमती लागते.

दर बाजाराच्या दिवशी काकू यायच्या.

"निंग, माझा कागद?"

"वर आहे काकू."

"किती वर?"

तो कपाटाच्या दुसऱ्या फळीवर होता. मी म्हणायचो, "होईल."

"मुलीचं नाव छिंग ठेवलंय," एकदा त्या म्हणाल्या. "बसायला लागली म्हणे." पुढच्या खेपेला म्हणाल्या, "दोन दात आले म्हणे." त्यांच्या बोलण्यात सगळीकडं 'म्हणे' होतं.

सात महिन्यांनी त्या आल्या तेव्हा स्टूल शोधायला त्यांनी हात पुढं केला. स्टूल नेहमीच्याच जागी होतं.

"वैद्याकडं जाऊन आले," त्या म्हणाल्या. "तो म्हणतो पानगळीपर्यंत दिसेल. मग नाही. धुरानं असं होतं म्हणे. मी म्हटलं, धूर सरकारी आहे. तर तो म्हणाला, डोळ्यांना ते कळत नाही."

मी मेजावरचे कागद नीट लावले.

"मला तिचं तोंड बघायचंय रे. एवढंच. एकदा नीट बघून घेते, मग डोळे गेले तरी चालतील. नाहीतरी बघण्यासारखं काय आहे इथं? तू?"

त्या हसल्या. मी त्याच दिवशी कागद कपाटातून काढला आणि साहेबांपुढं ठेवला. इतके दिवस कुठं होता असं साहेबांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "कायमचं शक्य नाही. दहा दिवसांची रजा द्या. बदली माणूस ठेवा."

बदली माणूस म्हणून शिपाई तेंगला नेमलं, कारण त्या दिवशी दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मी त्याला तीनदा समजावलं. ओलं लाकूड, थोडं थोडं, फुंकणीनं. तेंग म्हणाला, "चूल पेटवायला काय अक्कल लागते?" काकू पहाटे निघाल्या. नातीसाठी लाल कापडाची वाघाचं तोंड असलेली टोपी त्यांनी शिवली होती, ती छातीशी धरून. टाके आंधळ्यानं घातल्यासारखे वाकडे होते, पण वाघ ओळखू येत होता.

त्या संध्याकाळी तेंगनं ओलं लाकूड पेटेना म्हणून त्यावर होड्यांना लावायचं तुंग तेल मडकंभर ओतलं. काळा धूर उठला. तो सरळ गेला नाही, तर आडवा पसरला आणि वेशीवर आला. तटावरच्या पहारेकऱ्यानं बंडखोर आले असं समजून घंटा वाजवली. वेशी बंद झाल्या. बाजार उठला. लोक भांडखोर असल्यामुळे वेशी बंद करायला आलेल्या शिपायांशी मारामारी झाली. ठाण्यातले चाळीस सैनिक नावांतून नदी ओलांडून गेले आणि त्यांनी झोपडीचं अर्धं छप्पर आणि शिपाई तेंगच्या भुवया विझवल्या.

त्याच रात्री साहेबांनी घोडेस्वार पाठवून काकूंना मागं बोलावलं. तो त्यांना अर्ध्या वाटेवरच्या धर्मशाळेत गाठू शकला. एक दिवसाची वाट उरली होती. काकू परत आल्या, जळक्या छपराखाली गेल्या, आणि नगारा झाल्यावर त्यांनी चूल पेटवली. धूर पांढरा निघाला. सरळ गेला. साहेब माडीवरून बघत होते. ते म्हणाले, "बघितलंत? हिच्याशिवाय होणे नाही. रजेचा विषय पुन्हा माझ्यापुढं आणू नका."

मी नदी ओलांडून गेलो. टोपी खुंटीला टांगलेली होती.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "तू ते सगळं वाचलंयस ना. हा जिल्हा पुन्हा तालुका कधी होईल?"

"साधारण दर सव्वाशे-दीडशे वर्षांनी होतो, काकू."

"म्हणजे अजून?"

"एकशे वीस तरी."

"मग थांबण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

मी घरी जाऊन बखर उघडली. आठ ओळी माझ्याच होत्या, मला पाठ होत्या, तरी वाचल्या. 'भोवती मनुष्यवस्तीची खूण नाही.' ही ओळ मी तीन वर्षांपूर्वी लिहिली होती. ती छापलेली होती. ती राजधानीत जाऊन पडली होती. सात महिने माझ्या कपाटाच्या एका खणात काकूंचा अर्ज होता आणि दुसऱ्या खणात ही ओळ होती, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघण्याचं मला सुचलं नाही. मला माझी लाज वाटली. अजूनही वाटते.

सकाळी मी साहेबांकडं गेलो. हातात बखर होती आणि दहा घरांची यादी होती.

"साहेब, एक विसंगती आढळली आहे."

विसंगती हा शब्द ऐकला की अंमलदार चहा खाली ठेवतात.

"बखरीप्रमाणे घाटाचा तो काठ निर्मनुष्य आहे," मी म्हणालो. "यादीप्रमाणे तिथं एक बाई राहते. बखर आपल्या सहीनं राजधानीला गेली आहे. यादीही दरवर्षी आपल्या सहीनंच जाते. तिकडं कुणी दोन्ही समोरासमोर ठेवली तर—"

साहेब पांढरे पडले. "किती वर्षं राहते?"

"नवरा गेल्यापासून एकटी, सव्वीस."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

"आत्ता लक्षात आलं साहेब."

"ताबडतोब हलवा तिला! कुठंही. दुसऱ्या तालुक्यात. तिचं कुणी आहे?"

"मुलगी आहे."

"आजच पाठवा." शिक्का बाहेर निघाला, शाई लागली, कागदावर बसला. मग साहेब थबकले. "पण धूर?"

"धूर येत राहील साहेब."

"कोण करणार? तिथं कुणी राहिलं तर पुन्हा तेच."

"कुणीच राहणार नाही," मी म्हणालो. "माझी पाच वर्षं परवा पुरी झाली. मी नवं नाव घेतलेलं नाही. या घटकेला मी कुठल्याच पटावर नाही. मी तिथं राहिलो तरी काठ निर्मनुष्यच राहील."

साहेबांनी शिक्का पुसून ठेवला. "आणि तुम्हाला ते पेटवता येतं?"

"शिकेन."

दोन दिवसांत शिकलो. काकूंनीच शिकवलं. त्या खाटेवर बसून ओरडायच्या आणि मी चुलीपुढं खोकायचो. "अरे फुंकतोस काय, देवळातली उदबत्ती आहे का ती? खालून घाल. खालून! इतकी वर्षं कागद खालीवर करण्यात घालवलीस, लाकूड खालीवर करता येत नाही?" तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. नावेत बसताना त्यांनी टोपी एका हातात धरली होती आणि दुसऱ्या हातानं काठ चाचपला. पाणी कुठं सुरू होतं ते त्यांना दिसलं नव्हतं.

त्याला आता दीड वर्ष होतंय. फान साहेबांना बढती मिळाली, चारही शेऱ्यांच्या जिल्ह्यात गेले. नव्या साहेबांना मी कोण ते माहीत नाही. ते माडीवरून धूर बघतात आणि त्यांनीही कविता केली आहे, असं माझ्या जागी बसलेला कारकून सांगत होता. त्याचं नाव स्युए. माझंच जुनं नाव आहे ते, पण आता मला लागत नाही.

परवा पूर्वजांच्या कबरी झाडायचा सण होता. काकूंच्या नवऱ्याची कबर झोपडीच्या मागच्या उतारावर आहे. मी गवत आधीच काढून ठेवलं होतं. दुपारी पेंगचा तराफा लागला. सांग्ये काठीच्या आधारानं उतरली, हळू चालत होती, पण चालत होती. तिच्या मागून काकू, आणि काकूंचं बोट धरून एक मुलगी. वाघाची टोपी तिला आता लहान होत होती. मुलगी पुढं आणि काकू मागं अशा येत होत्या. दगड आला की मुलगी थांबायची आणि काकूंचा हात खाली ओढायची. मग काकू पाय उचलायच्या.

कबरीवर त्यांनी भात ठेवला, दारू ओतली, कागदी पैसे जाळले, नवऱ्याला दोन शब्द सुनावले. मग येऊन माझ्या चुलीशी बसल्या. पूर्वीची त्यांचीच जागा ती. हातानं न चाचपता बसल्या.

"सध्या कोण आहेस रे?"

"कुणी नाही, काकू."

"बरंय." त्यांनी चहा घेतला. मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

"बघितलं मी तिला. दोन महिने बघितलं. मग पानगळ झाली." मुलगी राखेत काडीनं रेघा मारत होती. तिच्या डोक्यावरून काकूंनी हात फिरवला. "नाक बापाचं आहे. त्याला इलाज नाही. पण कपाळ आमच्याकडचं. हसली की डावीकडं जरा जास्त हसते. ते अजून तसंच आहे का रे? तेवढं सांग. सांग्येला विचारलं तर ती रडते."

मी मुलीकडं बघितलं. तिला म्हटलं, वाघ कसा ओरडतो? ती हसली.

"तसंच आहे," मी म्हणालो.

काकू मान डोलावत राहिल्या. दोन महिने. माझ्या कपाटात अर्ज पडून होता ते सात. दोन आणि सात नऊ, एवढी बेरीज कारकुनाला येते. त्या सात महिन्यांत ती पालथी पडली, बसायला लागली, तिला पहिले दोन दात आले. ते सगळं काकूंना 'म्हणे' न लावता सांगता आलं असतं. मी काकूंना कधीच सांगितलेलं नाही की कागद दुसऱ्या फळीवर होता. त्या दिवशी सांगायचं ठरवलं. "काकू," मी म्हणालो, "तो तुमचा अर्ज—"

"दुसऱ्या फळीवर होता," काकू म्हणाल्या. "डाव्या कोपऱ्यात. तेव्हा मला दिसत होतं, निंग."

पलीकडं वेशीचा नगारा झाला. मी उठलो, चूल पेटवली. माझे डोळे वाहत होते, पण त्याची मला सवय झाली आहे. काकूंनी मान वर केली आणि दोनदा हुंगलं.

"लाकूड सुकं आहे," त्या म्हणाल्या. "धूर सरळ जायचा नाही. बुडवून ठेव."

मी चार लाकडं घेतली आणि नदीकडं गेलो. छिंग माझ्या मागून आली.